कंसावरचा वर्ग : पांढुर्ण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, पांढुर्णा


महोदय,

मंगळवारच्या जनसुनवाईत आपल्या टेबलावर नामांतरणाचे, सीमांकनाचे, विजेच्या बिलाचे, पांदणरस्त्याचे अर्ज येतात. माझा अर्ज कंसाबद्दल आहे. मथुरेचा नव्हे, गणितातला. शाळेच्या हिंदी पुस्तकात त्याला कोष्ठक म्हणतात.

आधी मी कोण ते सांगतो. संत्र्याच्या एका व्यापाऱ्याकडे मी हिशेब लिहितो. शिक्षण बारावी कॉमर्स. बेरीज-वजाबाकीत माझा हात कोणी धरणार नाही, पण बीजगणित शाळेतच सुटलं ते सुटलंच. दोन वर्षांपूर्वी मुलीनं अकरावीत गणित घेतलं. वर्षाच्या शेवटाकडे ‘सीमा आणि अवकलज’ हा धडा आला आणि पोरगी रात्री जेवणावरून उठून वहीपाशी जाऊन नुसती बसू लागली. ट्यूशन होती, गाइड होतं, मोबाइलवर व्हिडिओही होते. तरी उत्तर जुळेना. शेवटी म्हटलं, आपणही बसून पाहू. तेव्हापासून आमच्या घरी कलनाचे, म्हणजे कॅल्क्युलसचे, दोन विद्यार्थी आहेत. त्यातला मठ्ठ विद्यार्थी मी.

कलन म्हणजे काही राक्षस नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. छिंदवाड्याची बस सौंसर सोडून सिल्लेवानीचा घाट चढायला लागते तेव्हा ड्रायव्हर गिअर बदलतो. तो काही सौंसर ते छिंदवाडा हा सरासरी चढ काढून बदलत नाही. या घटकेला चाकाखाली जो चढ आहे, तो पाहून बदलतो. ‘या घटकेचा चढ’ काढायची रीत म्हणजे अवकलन, आणि निघालेला चढ म्हणजे अवकलज. दोन जागा घ्यायच्या, उंचीतल्या फरकाला अंतरानं भागायचं आणि मग दुसरी जागा पहिलीच्या जवळ, आणखी जवळ आणत न्यायची. एवढं समजलं की अर्धा धडा झाला. मला समजलं, मुलीलाही समजलं होतं. म्हणजे आमची गाडी घाटात अडलीच नव्हती. ती घाटाच्या अलीकडे, सपाट रस्त्यावर पंक्चर होऊन उभी होती.

कशी ते दाखवतो. धड्यातलं अगदी सुरुवातीचं गणित होतं : क्षच्या वर्गाचा अवकलज काढा. क्षमध्ये थोडासा ह मिळवायचा, (क्ष + ह)² मधून क्ष² वजा करायचा, उरेल त्याला हनं भागायचं आणि शेवटी ह शून्याकडे न्यायचा. मी लिहिलं : (क्ष + ह)² = क्ष² + ह². त्यातून क्ष² गेला, ह² राहिला. हनं भागला, ह राहिला. ह शून्याकडे नेला. उत्तर शून्य.

शून्य म्हणजे चढच नाही! परातीच्या आतल्या बाजूसारखा दोन्हीकडे वर जाणारा तो वक्र माझ्या वहीत पोळपाटासारखा सपाट झाला. गंमत अशी की कलनाची प्रत्येक पायरी बरोबर होती. चूक होती ती आठवीतली, कंसावरचा वर्ग आतल्या दोघांना वेगवेगळा वाटून देण्याची. ३ आणि ४ घालून पाहिलं असतं तरी कळलं असतं : ७ चा वर्ग ४९, आणि ९ अधिक १६ होतात २५. पण क्ष दिसला की माणूस आकडे घालून पाहायचं विसरतो.

मुलीच्या वहीत हीच चूक होती. तिथं उत्तरावर लाल फुली होती. फक्त उत्तरावर. चूक जिथं झाली ती ओळ स्वच्छ, कोरी. मी त्या शिक्षकाला दोष देत नाही, सत्तर-ऐंशी वह्या तपासणारा माणूस आणखी काय करणार? पण फुली शेवटच्या ओळीवर पडली म्हणून मुलगी शेवटची ओळ सुधारायला बसली. आठवडाभर तिनं ‘सीमा’ पुन्हा पुन्हा वाचली. सीमेत काही बिघडलेलंच नव्हतं.

मग मी तिला शेत काढून दाखवलं. चौकोनी शेत, बाजू क्ष. दोन बाजूंनी ह एवढं वाढवलं. नवीन जमीन किती आली? एका अंगाला लांब पट्टा, दुसऱ्या अंगाला तेवढाच लांब पट्टा आणि कोपऱ्यात एवढंसं चौकोनी ठिगळ. मी माझ्या वहीत ठिगळ तेवढं धरलं होतं. पोरीनं चित्राकडे पाहिलं आणि विचारलं, “मंग बाबा, थे दोन पट्टे कुठी गेले?”

पटवाऱ्यानं असं माप काढलं तर शेतकरी त्याला बांधावरून हलू देणार नाही. आम्ही वहीत रोज दोन पट्टे सोडून देत होतो आणि कोणी भांडायला येत नव्हतं. आता पाहा, खरं उत्तर आहे २क्ष. हे २क्ष म्हणजे तेच दोन पट्टे. ह लहान होत गेला की कोपऱ्यातलं ठिगळ नाहीसं होतं आणि पट्ट्यांची लांबी तेवढी उरते. म्हणजे आठवीच्या चुकीनं आम्ही एखादा गुण नव्हता गमावला, आम्ही नेमकं कलनच फेकून दिलं होतं आणि कचरा जपून ठेवला होता. साहेब, ज्या दिवशी हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही. पन्नाशीला आलेल्या माणसाला क्षच्या वर्गानं जागवावं, हे घरच्यांना जरा विचित्र वाटलं.

पुढची ठेच अपूर्णांकाची. १ भागिले (क्ष + ह) याचे मी बिनधास्त दोन तुकडे केले, १ भागिले क्ष आणि १ भागिले ह. यावेळी उत्तर शून्य नाही आलं, अनंताकडे पळालं. त्यानंतर ‘उडवण्या’ची खोड. वर क्ष + ३, खाली क्ष. वरचा क्ष खालच्या क्षनं उडवला, राहिले ३. गुणाकारात बांधलेला असेल तरच उडवता येतो, बेरजेतला उडवता येत नाही, हे सातवी-आठवीत सांगतात. पण तेव्हा उडवायला मिळतं याचाच आनंद इतका असतो की अट कोण ऐकतो?

वर्गमुळाची गोष्ट थोडी वेगळी आहे. नववीत मुलं छेदातलं वर्गमूळ घालवायला शिकतात. खालीवर एकाच राशीनं गुणायचं, मधलं चिन्ह बदलून. पाठ असतं सगळ्यांना. अकरावीत √(क्ष + ह) वजा √क्ष हे वर, अंशात येतं. हत्यार तेच, फक्त वरच्या मजल्यावर चालवायचं. मुलगी अडली, कारण तिच्या डोक्यात ते हत्यार ‘छेदाचं’ म्हणून ठेवलं होतं. नाव चुकीच्या डब्यावर लिहिलं की वस्तू घरात असून सापडत नाही.

नावावरून आठवलं. आपण कुठून आलात ठाऊक नाही, पण या भागात थोडे दिवस राहिलात तरी एक गोष्ट लक्षात आली असेल : इथं पोरगं घरात मराठी बोलतं आणि शाळेत हिंदी वाचतं. १९५६ मध्ये राज्यांच्या हद्दी ठरल्या, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. त्याबद्दल माझं गाऱ्हाणं नाही. हिंदी आम्हाला येते, बाजारात आम्ही ती दिवसभर बोलतो. पण गणिताची हिंदी ही बाजारातली हिंदी नव्हे. आईनं शिकवलेला ‘छेद’ पुस्तकात ‘हर’ होतो. अवयव गुणनखंड होतात, लसावि ‘लघुत्तम समापवर्त्य’ होतो, उकल ‘हल’ होते. ‘मान ज्ञात कीजिए’ म्हटलं की आमच्या शेजारचं पोट्टं गळ्याला हात लावून दाखवतं, त्याला पाहिजे असते किंमत. आणि ‘चर’! पुस्तकातला चर म्हणजे बदलणारी राशी, मराठीतला चल. आमच्या बगीच्यात चर म्हणजे झाडांच्या ओळींमधून पाणी काढून द्यायला खणलेली नाली. एकानं मला प्रामाणिकपणे विचारलं होतं, “काका, चरचा मान म्हंजे खोली का?” मी हसलो, मग वाईट वाटलं. त्या मुलानं शब्दाला अर्थ लावायचा प्रयत्न तरी केला होता. बाकीचे अर्थ लावायचंच सोडून देतात आणि गणित म्हणजे चिन्हांची घोकंपट्टी समजून बसतात.

त्यावर कोचिंगचा इंग्रजी मुलामा आहेच. वरूडला, सावनेरला किंवा थेट नागपूरला जाणाऱ्या मुलांच्या डोक्यात एकाच वस्तूची तीन नावं राहतात : घरचा छेद, शाळेचा हर आणि क्लासचा डिनॉमिनेटर. तिघं एकच आहेत, असं त्यांना कोणी बसवून सांगितलेलं नसतं. एकच शब्द आम्हाला आयता कळला, ‘फलन’. संत्र्याच्या मुलखात आंबिया नि मृग बहार पाहत वाढलेल्याला तो परका कसा वाटेल? झाडात काय घातलं त्यावर काय येतं ते ठरतं, फलनाचंही तेच.

शब्द जुळले तरी एक गाठ उरतेच. मुलीनं एकदा असा प्रश्न विचारला की माझी बोलती बंद झाली. “ह शून्य नाही म्हणून त्यानं भागलं. भागून झालं की त्यालेच शून्य म्हटलं. हे चालते कसं?” मी म्हटलं, धडा पूर्ण कर. वाईट उत्तर दिलं मी. पुढे वाचताना कळलं की १७३४ मध्ये जॉर्ज बर्कली नावाच्या आयरिश बिशपनं न्यूटनच्या अनुयायांना नेमका हाच सवाल टाकला होता आणि त्याचं समाधानकारक उत्तर द्यायला युरोपातल्या गणितज्ञांना एकोणिसावं शतक उजाडलं. आणि आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत, त्यातल्या लीलावतीत, शून्याचं एक गणित दिलं आहे. एका संख्येला शून्यानं गुणलं, त्यात त्याचंच निम्मं मिळवलं, तिपटीनं गुणलं आणि शून्यानं भागलं तर ६३ आले. संख्या कोणती? उत्तर १४. आमच्यासारखा माणूस पहिल्याच पायरीला सगळ्याचं शून्य करून मोकळा होईल. भास्कराचार्य सांगतात, पुढे क्रिया बाकी असतील तर शून्याचा गुणक तसाच धरून ठेवा. ग्रहांच्या गणितात याचा फार उपयोग होतो, असंही ते जोडतात. आजच्या भाषेत ही सीमेची व्याख्या नाही, तसा दावा मी करणार नाही. पण ‘हला घाईनं शून्य करू नका’ हे अकरावीच्या मुलाला पाहिजे असलेलं वाक्य त्यात आहे.

सिद्धांतशिरोमणीचा क्रमही पाहण्यासारखा आहे. आधी लीलावती, मग बीजगणित, मग ग्रहगणित. ग्रहाची त्या क्षणाची गती, तात्कालिक गती, येते ती ग्रहगणितात, म्हणजे बीजगणिताचा आख्खा भाग मागे पडल्यावर. त्या बीजगणितात अज्ञात राशींना यावत्तावत् आणि मग कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं आहेत. काळा, निळा, पिवळा. क्षपेक्षा मला ती बरी वाटतात.

आता पुठ्ठ्याची गोष्ट, मग मागणीवर येतो. बारावीच्या पुस्तकात एक उदाहरण आहे. १८ सेंटीमीटर बाजूचा चौकोनी पत्रा. चारी कोपऱ्यांतून सारखे चौकोन कापायचे, कडा वर दुमडायच्या, वरून उघडा डबा करायचा. सर्वांत जास्त माल मावायला केवढा चौकोन कापावा? संत्र्याच्या खोक्यांमध्ये जन्म गेलेल्या माणसाला हे गणित म्हणजे घरचं कार्य. मी फुशारकीनं बसलो. डब्याचं घनफळ क्ष गुणिले (१८ − २क्ष)². इथवर ठीक. पुढे मी काय केलं असेल? ३२४ − ४क्ष². होय साहेब, वर्षभरानं, शेत काढून दाखवणाऱ्या त्याच माणसानं पुन्हा दोन पट्टे सोडले. मध्ये वजा आलं आणि जुनी खोड उठून बसली. उत्तर आलं २७ चं वर्गमूळ, साधारण ५.२. मुलीचं उत्तर आलं ३. पुस्तकाच्या मागेही ३.

मला पटेना. खोक्याच्या पुठ्ठ्याचे १८-१८ चे दोन चौकोन कापले. एकाचे कोपरे ३ नं काढले, दुसऱ्याचे ५.२ नं. चिकटपट्टी लावून दोन डबे केले. माझा डबा चांगला उंच, ऐटदार. तिचा पसरट, बुटका. तिचा डबा तुरीच्या डाळीनं काठोकाठ भरला आणि ती डाळ माझ्या डब्यात ओतली. जवळजवळ तिसरा हिस्सा जमिनीवर सांडला. तिच्या डब्यात ४३२ घन सेंटीमीटर मावतं, माझ्यात सुमारे ३००. बायकोनं डाळ वेचायला मलाच बसवलं.

वेचता वेचता मुलीची वही पाहिली. तिनं कंस उघडलाच नव्हता. अवकलन करून (१८ − २क्ष) बाहेर काढला, आत उरला (१८ − ६क्ष). दोन अवयव, दोन उत्तरं, ९ आणि ३. कापायचे चौकोन ९ चे धरले तर पुठ्ठाच संपतो, म्हणून ३. कलन म्हणाल तर एका ओळीचं. बाकी सगळं अवयव पाडणं, म्हणजे पुन्हा आठवीच.

मागणी आता सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा निघालेला आपला जिल्हा नवा आहे. एरवी आमचं नाव वर्तमानपत्रात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीतल्या गोटमारीच्या दगडफेकीपुरतं येतं. नव्या जिल्ह्यात कार्यालयं येतील, इमारती होतील. माझ्या मागणीला इमारत लागत नाही आणि पुस्तक बदलायला भोपाळची परवानगीही नको. जूनमध्ये शाळा उघडली की पांढुर्णा आणि सौंसरकडच्या उच्च माध्यमिक शाळांत अकरावीच्या गणिताचे पहिले तीन-चार आठवडे मागे जाण्यासाठी द्यायला सांगा. कंस, अपूर्णांक, घातांक, वर्गमुळं, अवयव. परीक्षा नको, गुण नकोत. ‘हे तर आठवीचं’ असं म्हणून कोणी हसायचं नाही, एवढीच शिस्त. अभ्यासक्रम मागे पडेल, असं शिक्षक म्हणतील. त्यांचं चुकत नाही, पडेल. पण माझा अनुभव असा की आज तो पुढे गेल्याचं नुसतं वहीवर दिसतं.

प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर एक तक्ताही लावता येईल, एका बाजूला हिंदी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. साठ-सत्तर शब्द पुरतात, मी मोजले आहेत. छपाईचा खर्च एखाद्या स्वागत-फलकाएवढाही नाही. आणि मराठीत शंका विचारणाऱ्याला मराठीतच उत्तर द्यायला शिक्षकांना कोणाची चोरी वाटू नये, हे आपल्या तोंडून एकदा यावं. बरेच शिक्षक इथलेच आहेत, त्यांना येतं. फक्त वर्गात ते बोलायचं की नाही, याचा संकोच असतो.

वह्यांबद्दल थोडकंच. फुली उत्तरावर न मारता चुकलेल्या ओळीवर मारावी. महिन्यातून एकच गणित असं तपासलं तरी चालेल. निवृत्त शिक्षक मदतीला येतील. सौंसरला आणि इथंही असे लोक आहेत ज्यांच्या संध्याकाळी रिकाम्या जातात, त्यांना बोलावणं पाहिजे. हिशेबाच्या वह्या तपासण्यात माझी हयात गेली. खातं जुळलं नाही तर आम्ही शेवटच्या बेरजेवर फुली मारून घरी जात नाही. पानं उलटत मागे जातो आणि जिथं आकडा चुकला तिथं बोट ठेवतो. कधी ते पान दोन वर्षांपूर्वीचं निघतं.

जनसुनवाईत मी स्वतःही येईन. डाळीचे दोन्ही डबे आणीन, डाळ कार्यालयानं द्यावी.

आपला नम्र,
पांढुर्ण्याचा एक हिशेबनीस आणि बारावी गणिताचा बाहेरून बसलेला विद्यार्थी

ता. क. : पत्र पाकिटात घालायच्या आधी रात्री एक गणित केलं. क्ष गुणिले √क्ष, याचा अवकलज. माझं उत्तर : √क्ष अधिक क्ष भागिले २√क्ष. पुस्तकातलं : √क्षची दीडपट. पुन्हा चुकलं म्हणून सगळं खोडायला पेन उचललं, तेवढ्यात मुलगी म्हणाली, “खोडू नका, आधी क्षला √क्षनं भागून पाहा.” भागलं. √क्ष राहिला, त्याचा निम्मा, आणि आधीचा एक. दोन्ही उत्तरं एकच होती.